इस्तो

ही घटना खरी आहे. जिच्यावर गुदरली ती माझी सख्खी नात, प्रणाली. तिच्याबद्दल मी खोटं कशाला लिहीन?

गेल्या जानेवारीतली संध्याकाळ. अकोटजवळचं आमचं वावर. कापूस वेचून झाला होता.

अकोल्यात वाढलेली प्रणाली आणि आमच्या शेजारचा गजेंद्र मेळघाटात जंगल शिबिराला जाणार होते. काडेपेटीशिवाय आग कशी पेटवायची, ते मी दोघांना शिकवत होतो. चकमकीची ठिणगी खड्ड्यातल्या कापसावर पाडायची, हळू फुंकायचं, मग पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, लावायच्या.

प्रणालीचा कापूस नुसता धुमसायचा आणि विझायचा.

"फुकून राहिली का थुकून राहिली वं तू?" गजेंद्र म्हणाला.

ती चिडली. त्याच चिडीत तिनं आग पेटवली.

निखारे लाल झाले. आणि...

पऱ्हाट्यांचा तडतडाट थांबला.

ज्वाळा हलत होत्या. आवाज नव्हता.

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडून एका बाईनं विचारलं...

"पोरी, इस्तो देतं काय वं?"

इस्तो म्हणजे विस्तव. दिवे लागल्यावर आमच्याकडे तो कुणाला देत नाहीत. प्रणालीला तो शब्दच माहीत नव्हता. तिला वाटलं, कोणी रस्ता मागतंय.

मी तोंड उघडायच्या आत ती बाजूला सरकली.

"दिला, मावशी. या."

पुढच्या क्षणी ती तोंडावर आपटली. उजवा हात निखाऱ्यांत गेला. मनगटापर्यंत. कोणीतरी तो आत दाबून धरला होता.

समोर कोणीच नव्हतं.

मी तिची कंबर धरून ओढली. छातीवर लाथ बसावी तसा तडाखा बसला आणि मी लांब फेकला गेलो. गजेंद्रनं तिचे पाय धरले. त्याचं डोकं दगडावर आपटलं गेलं. पुन्हा आपटलं. तरी त्यानं सोडलं नाही.

प्रणालीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"नाही देत," गजेंद्र रक्ताळल्या तोंडानं ओरडला. "नाही देत आमी. जाय."

हात सुटला.

खड्ड्यात निखारा नव्हता. राखही नव्हती. मी माती चाचपली...

गार होती.

अकोल्याच्या डॉक्टरांना तिची दोन बोटं काढावी लागली. पोरगी वाचली, यातच आम्ही समाधान मानलं.

काल दिवेलागणीला ती खिडकीशी उभी होती. काय पाहतेस, म्हणून मी विचारलं. ती वळली नाही.

"आबाजी, ती विचारते... बाकीचा कधी देतेस?"

बाहेर कोणीच नव्हतं.

आज सकाळपासून मी तिला एकच गोष्ट शिकवतोय. 'नाही देत' म्हण.

ती नुसती ऐकते.