पुलातला माणूस

बसा, लाइट येईपर्यंत सांगतो. आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही, आणि मी तर नोकरीने इंजिनिअर. तरी सांगतो.

मे महिन्यात नाल्यावरच्या जुन्या दगडी पुलाची तपासणी माझ्याकडे आली. सव्वाशे वर्षांचा पूल, पण कागदोपत्री त्याचा इतिहास दोन ओळींचा. बांधला केव्हा, कमानी किती, संपलं. वाहतुकीला योग्य की अयोग्य, एवढं लिहून मी सही करायची होती. माझी मुलगी मंजुश्री रोज संध्याकाळी शिकवणीहून ऑटोने याच पुलावरून घरी यायची, त्यामुळे काम मी मनापासून केलं.

दगडी बांधकाम आम्ही हातोडीने वाजवून पाहतो. भरीव दगड खणखणतो, पोकळ दगड बद्द वाजतो. नाला कोरडा होता. मधल्या कमानीखाली उतरलो तेव्हा भर दुपारीही तिथे गारवा होता आणि ओल्या मातीचा वास होता. माझ्या प्रत्येक ठोक्यामागून दुसरा ठोका येत होता, जरा उशिरा. मी वहीत लिहिलं, 'प्रतिध्वनी उत्तम', आणि 'योग्य' म्हणून सही ठोकून दिली. अशी चूक शिकलेला माणूसच करू जाणे!

पुलाच्या तोंडाशी जनकाबाई लिंबं विकायची. हातात एकच पितळी कडं. पूल ओलांडण्याआधी ती गोट्याने कठडा तीनदा ठोकायची, तेव्हा ते कडं किणकिणायचं. मग कान देऊन थांबायची.

"काऊन ठोकता हो मावशी?"

"इचारून राह्यली त्याले. हायेस का बाबा, म्हणून."

"कोणाले?"

"कमान जुळवता जुळवता एक पाथरवट अंदरच राह्यला म्हणतेत. तोच धरून हाये सारं. पह्यले मायी सासू ठोके, आता मी."

मी हसलो. ती हसली नाही.

आठवड्याने, संध्याकाळी साडेपाचला, पुलाशी आलो तर जनकाबाई अलीकडेच उभी होती. टोपली खाली ठेवलेली, कपाळावर घाम.

"तीनदा ठोकलं बाबू... बोलून नाही राह्यला तो."

मी पिशवीतली हातोडी काढून कठड्यावर मारली. एकच आवाज. पुन्हा मारली... एकच. पलीकडून मंजुश्रीचा ऑटो पुलाकडे वळत होता. मी हात पसरून त्या पुलावरूनच ओरडत धावलो.

ऑटो थांबला. "पागल झाले का साहेब?" ड्रायव्हर म्हणाला. आणि माझ्या पाठीमागे मधली कमान खाली बसली. ना पाऊस, ना पूर, ना वर एखादं वाहन. दिवसभर ओझं वाहिलेला माणूस दमून टेकतो, तशी बसली. धूळ खाली आली तेव्हा पलीकडे जनकाबाई हात जोडून उभी दिसली. मंजुश्रीला छातीशी धरून मीही हात जोडले. सव्वाशे वर्षं! किती लेकरं त्याने अशी पार नेली असतील, याचा विचार करून मला रडू आलं.

कोसळलेले दगड उचलताना मला एक जुनी हातोडी सापडली. लोखंड गंजून पापुद्रे सुटलेलं, पण दांडा तळहाताच्या घामाने ओला होता. मी कोणाला बोललो नाही. त्याच जागी नवा पूल बांधायला घेतला, तेव्हा त्याच्या खांबात काँक्रीट ओतताना ती आत सोडली आणि फक्त जनकाबाईला सांगितलं.

पूल सुरू झाला. ती रोज ठोकायची, थांबायची, मान हलवायची.

"हातोडी हाये बाबू," एकदा म्हणाली. "हात पाह्यजे."

वर्षभर उत्तर आलं नाही. गेल्या भादव्यात जनकाबाई गेली. तिच्या तेरवीहून परतताना मी पुलावर थांबलो. तिचा गोटा तिथेच कठड्यावर होता. मी तीनदा ठोकलं.

खांबातून तीन ठोके आले, सावकाश. आणि प्रत्येक ठोक्याला कडं किणकिणलं.