माझ्या नावाने कोण लिहीत होतं?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी दातांच्या कवळ्या बनवतो, गोष्टी नाही. जे घडलं तेवढंच सांगतो.

रविवारची दुपार होती. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. मी बाहेरून आलो आणि आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलो.

चौथा मजला गेला... आणि लिफ्ट थांबली.

घंटेचं बटण दाबलं. आवाज नाही.

फोन लागेना. पण इमारतीच्या ग्रुपवरचे मेसेज मात्र एकेक करून येत होते. नेमका लिफ्टचाच वाद चालला होता. जुनी ठेवायची की बदलायची. म्हटलं, बरं झालं, सगळे फोन हातात घेऊनच बसलेत.

मी लिहिलं, "लिफ्टमधे अडकलोय. कोणीतरी या."

मेसेज जाईना.

आणि मग त्याच ग्रुपवर... माझ्याच नावाने... दुसरा मेसेज आला.

"मित्रहो, लिफ्टविषयी उगाच भीती नको. मी आत्ताच तिने वर आलो. काहीच त्रास झाला नाही."

हे मी लिहिलं नव्हतं.

खाली अंगठ्यांची रांग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी लिहिलं, "दातवाले, आज भाषा एकदम मुरलेली. एरवी तुम्ही 'ओके'च्या पुढे जात नाही."

उत्तर आलं, "निवांत जागा मिळाली, की शब्द सुचतात."

मी दार बडवायला लागलो.

जिन्यावर पावलं थांबली. "कोण आहे आत?" सेक्रेटरींचा आवाज.

"मी. दातवाला. अडकलोय हो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते मोठ्याने वाचू लागले, "'वर ठोकाठोक चालू आहे. लिफ्टच्या पोकळीत आवाज घुमतो. घाबरू नये, मी बघून आलोय.'"

"खोटं आहे ते. मी इथे आहे, दारामागे."



"घुमतोय खरा," ते स्वतःशीच म्हणाले. "अगदी दातवाल्यांसारखा."

पावलं वर निघून गेली.

ग्रुपवर मतदान सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकला बोलवावं का? एकाने 'बोलवा' म्हटलं होतं. माझ्या नावाने त्याला इतकं नम्रपणे, इतकं मुद्देसूद समजावलं गेलं, की त्यानेही मत बदललं.

सगळ्यात वाईट काय, सांगू?

वाचता वाचता मलाही पटत होतं. आत बसून मी मान डोलावत होतो.

ते लक्षात आलं तेव्हा रडूच फुटलं.

घसा बसला. हवा जड झाली. मेसेज येतच राहिले.

बऱ्याच वेळाने बायकोचा आवाज आला. ती मला हाका मारत जिना उतरत होती. मी चप्पल काढून दारावर आपटली. ती थांबली. तिचाही फोन वाजला... पण तिने तो बघितलाच नाही. तिनेच मेकॅनिकला आणलं.

बाहेर आल्यावर माझा फोन पाहिला. त्यात माझ्या नावाचा फक्त तो न गेलेला मेसेज होता. इतरांच्या फोनवर मात्र सगळे आहेत. अजूनही.

संध्याकाळी मास्तर येऊन बसले. "तुम्ही आत होता, हे पटतं मला," ते म्हणाले. "पण खरं सांगू? त्याचं म्हणणं जास्त पटलं होतं."



मला शोधायला हवं हे बायकोला कसं कळलं, ते ती सांगेना. विषय काढला की उठून जायची. मग एके दिवशी आपणहून बोलली.

"घरी आले, तुला मेसेज केला. उत्तर आलं, 'आतल्या खोलीत पडलोय.' मी चहा टाकला. दोन कप."

"खोलीत न बघताच?"



"हाक मारली होती की," ती हळूच म्हणाली. "आतून 'हं' आलं... तुझ्याच आवाजात. कप घेऊन गेले, तर खोली रिकामी."

आम्ही आता बाहेरच्या खोलीत झोपतो. घरात एकमेकांना हाक मारत नाही. समोर जाऊन बोलतो.

हाक मारली आणि आतून उत्तर आलं तर...