पंचांगात नसलेल्या एकादश्या

"बायाँ हाथ ही तो गया है, हुजूर! खाना तो दाएँ से ही खाता है."

कंपनीच्या वकिलाच्या या बोलण्यावर बालाघाटच्या कचेरीत हशा पिकला. उकव्याच्या खाणीत हात गमावलेला चैतराम समोरच मान खाली घालून उभा होता. कचेरीतल्या मुन्शीजींचा डबा घेऊन दारात आलेल्या अंजनाचं डोकं भणाणलं.

"मंग तुमचा डावा कापून पाहू का, साहेब?"

चपराश्यानं तिला बाहेर काढलं. पण जाता जाता चैतरामचा तरुण वकील तिच्याकडे पाहून हसला... ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी.

दुसऱ्याच दिवशी तो, शालिकराम, तिच्या आईच्या, जिजाबाईच्या, खानावळीत हजर!

"मले दोन तास लागले असते. तुम्ही एका वाक्यात दावा मांडला."

"मंग फी द्या!"

"मले भेटन तवा देईन –"

गोम तिथंच होती. खाणीत लुळ्यापांगळ्या झालेल्या मजुरांचे दावे तो लढे. भरपाई मिळाली तरच फी. कधी खिसा खुळखुळे, कधी कुणी कोंबडी आणून देई, आणि कंपनीनं तारखा वाढवल्या की महिनोन्‌महिने ठणठणपाळ. तसल्या दिवसांत पान मांडलं की तो म्हणे, "आज एकादशी आहे."

"परवाच झाली नं? कोणतं पंचांग पाहून राह्यले?" म्हणत अंजना उकडलेले शिंगाडे पुढे सरकवी. "हे चालतात उपासाले."

बोटाला बोट लागे... आणि दोघंही भलतीकडेच पाहत.

एका दुपारी तो नवा कोट घालून आला.

"कंपनी बोलावते. दर महिन्याचा बांधला पगार. जिजाबाई म्हणतात, पोरगी पगारदाराच्याच घरी देईन... म्हणून –"

अंजनानं पळी आदळली.

"म्हणून चैतरामदादाले सोडता? कंपनी तारखा काहून वाढवते, समजत नाही? वकील उपाशी पडला का दावा आपोआप मरते! अन् तुम्ही त्याईचंच मीठ खायाले निघाले? माह्यासाठी? माह्या नावावर हे पाप नका टाकू!"

त्यानं नव्या कोटाची गुंडी सोडली.

"पुढल्या महिन्यात हातात काय असन, मलेच मालूम नाही, अंजना. तुमच्या दारी काय घेऊन येऊ?"

"भूक घेऊन या." तिचा आवाज एकाएकी ओला झाला. "अन् एकादशी असली तर सांगा. तुमच्यासंगं मीबी धरीन... जलमभर."

चुलीपाशी भांडं वाजलं. जिजाबाई पदराला हात पुसत दारात आली.

"खानावळवालीची लेक अन् जावई, दोघंबी उपाशी? गावात माहं नाक कापता का? बसा!"

जावई! अंजनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शालिकरामनं कोट काढून खुंटीला टांगला आणि पाट ओढला.

"आज काय... एकादशी?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आज लय भूक लागली."