दहा मिनिटं, इंजिन बंद

वारा वाढला की समुद्राच्या पोटातली खर्जातली घुमघुम किती वाढते, हे मोजायला ते तिघं निघाले होते. संस्थेतली संशोधक बाई, होडीचे मालक काका आणि इंजिन सांभाळणारी त्यांची पुतणी. अट एकच होती. मोजताना इंजिन बंद हवं, कारण तेही खर्जातच घुमतं.

पाण्यातला माइक केबलने खोल सोडायचा, हेडफोन लावायचे आणि दहा मिनिटं हूं की चूं करायचं नाही. अशा चार मोजण्या झाल्या. आधी लांबच्या जहाजांची संथ घरघर तेवढी ऐकू आली. वारा चढला तशी ती वाऱ्याच्या घुमघुमीखाली बुडत गेली. उरली जोराच्या वाऱ्यातली शेवटची.

"वारा आपल्याला खडकांकडे नेतोय, मॅडम," काका म्हणाले. "अर्धा तास आहे हाताशी. दहा मिनिटं देतो. अकरावं मागू नका."

"मागितलंच तर?"

"तर तुमच्या लेकीला मी काय तोंड दाखवू?"

"काका स्वतःच्या लग्नातही दहा मिनिटं थांबले नव्हते, ताई," पुतणी म्हणाली. "तुमची चंगळ आहे."

इंजिन थांबलं. होडी लाटांना आडवी झाली. उडणाऱ्या तुषारांनी चहूकडचं सगळं पुसून टाकलं. सहाव्या मिनिटाला आवाज मोजणाऱ्या पडद्यावरची रेघ चढू लागली. दोन वर्षं बाई याच चढाची वाट पाहत होती! सवयीने तिने वाऱ्याच्या मापकाकडे पाहिलं. वारा तसूभरही वाढला नव्हता.

मग हे वाढतंय काय?

तिने डोळे मिटून ऐकलं. घुमघुमीत एक ठोका होता. थांबून, पुन्हा. लाट फुटल्याचा.

"काका, खडक जवळ आलेत!"

काका उठले. धुरकट पाण्याआड काळी कड दिसली. त्यांचा चेहरा उतरला. "खालून पाण्याची ओढ आहे. माझा अंदाज चुकला. पोरी, इंजिन लाव."

"केबल पाण्यात आहे. इंजिनाच्या पंख्यात गुंतेल," पुतणी म्हणाली.

केबल वर ओढायला पाच मिनिटं लागली असती. संस्थेकडे असा माइक एकच होता. बाईने सुरा उचलला. एक घाव. दुसरा. केबल सळकन गेली! इंजिन खोकलं, विझलं. पुन्हा खोकलं. लागलं! होडी वळली आणि मागे खडकावर फुटलेली लाट तिघांच्या अंगावर कोसळली.

खडक दिसेनासे झाल्यावर काका हळूच म्हणाले, "सहा मिनिटं मिळाली ना? तेवढी धरा की. कोण बघायला येतंय?"

बाईने आलेख पाहिला. हवी होती तशीच चढती, देखणी रेघ.

"यात वारा किती आणि खडक किती, ते मला सांगता येणार नाही, काका."

तिने वहीत लिहिलं, 'पाचवी मोजणी रद्द.' होडी इतकी हेलकावत होती की अक्षर लागेना. म्हणून खाली तिने तेच पुन्हा, नीट लिहिलं.