फुली न मारलेली काच

नवी काच बसवली की तिच्यावर चुन्याची ठसठशीत फुली मारायची, हा काचवाल्याचा तीस वर्षांचा नेम. इथं काच आहे हे दिसावं, गवंड्यानं तिच्यातून फळी आरपार घालू नये, एवढंच त्यामागचं कारण. आठेक दिवसांनी घरमालक ती पुसून टाकतो. सगळ्या शहरात त्यानं फुल्या मारल्या. मारली नाही ती एकाच ठिकाणी. सख्ख्या धाकट्या भावाच्या नव्या घरात, वरच्या मजल्यावर.

विसरला म्हणाल, तर छे! चुन्याचा डबा हातातच होता. पण तेवढ्यात त्या भिंतभर खिडकीपुढे उभी राहून आई म्हणाली, "अगं बाई, इथून तर सगळं आभाळ दिसतंय! माझी खुर्ची इथंच टाका." बावीस वर्षं आई काचवाल्याकडे राहिली होती. तिचं पथ्यपाणी, दवाखाने, रुसवेफुगवे, सगळं त्यानं आणि बायकोनं निस्तरलं. धाकटा आपला सुटीला यायचा, चार फळं आणायचा आणि कौतुक करून घ्यायचा. काचवाल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानं डब्याचं झाकण लावलं. फुटू दे मेली, असं मनात म्हणून तो जिना उतरला.

आठ दिवसांसाठी म्हणून राहिलेली आई तीन महिने झाले तरी परत यायचं नाव काढीना.

मग एके दिवशी धाकट्याचा फोन आला. "दादा, जरा येऊन जा ना. पाखरं आपटतायत काचेवर. रोज. उजाडलं की सुरू."

खोटं कशाला बोला, काचवाल्याला बरं वाटलं. तो गेला, काच पाहिली आणि शहाण्यासारखं सांगितलं, "आभाळाचं प्रतिबिंब पडतं. त्यांना वाटतं मोकळंच आहे. पडदा लाव."

पडदा लावला. आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पाखरं यायची थांबली नाहीत. त्याच घरात त्याच गठ्ठ्यातल्या आणखी पाच काचा होत्या, त्यांच्याकडे एक चिमणीही फिरकली नाही. आईच्या काचेवर मात्र पंखांचे ठसे उमटत गेले. पिसन् पीस मोजता येईल असे, पिठाचा हात लागावा तसे पांढुरके. धाकट्याची बायको सकाळी खालून पाखरं टोपलीत गोळा करायची. काही आईच्या मांडीवर शुद्धीवर यायची.

"आता तरी घरी चल, आई," काचवाला म्हणाला. "तुझी खोली रोज झाडून ठेवतोय. इथं जिवाला शांतता आहे का?"

"यांना टाकून कशी येऊ रे?" आई मांडीवरच्या पारव्याच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली. "बिचारी आत यायला धडपडतात नुसती."

झालं! धाकटा होताच, आता त्यात पाखरांची भर पडली. काचवाल्याला त्या पारव्याचाही हेवा वाटला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी त्याचं कपाळ ठणकू लागलं. "झोपेत डोकं आपटता की काय कशावर?" बायको म्हणाली. "हे बघा, केवढं टेंगूळ आलंय!"

शेवटी त्यानं आपली शिडी नेली आणि काच बाहेरून बघायला चढला. ठसे न्याहाळता न्याहाळता त्याची नजर मधोमध थांबली. तिथला ठसा पंखांचा नव्हता.

दोन पसरलेले तळहात होते. त्यांच्यामध्ये कपाळ.

डाव्या हाताची करंगळी अर्धीच उमटली होती.

काचवाल्यानं शिडी धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताची अर्धी करंगळी बारा वर्षांपूर्वी एका काचेनंच नेली होती. धाकट्याकडे शिडी नव्हती. बसवल्यापासून या काचेला बाहेरून तो आजच पहिल्यांदा हात लावत होता.

कुणी पाहायच्या आत त्यानं फडक्यानं ठसा पुसला. मग डबा उघडला आणि चार महिने उशिरानं फुली मारली, दोन्ही रेघा जाड.

आतून आई हसली. "हे आधीच का नाही रे केलंस?"

तो डब्याचं झाकण लावून शिडी उतरला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बायकोनं त्याला उठवलं. "आईंचा फोन आहे. आणि हे काय, कपाळाला चुना कसला?"

"काल हात लागला असेल," तो म्हणाला. अंघोळ करून झोपला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

फोनवर आई खुशीत होती. "फुलीनं काम केलं बघ! एकही पाखरू आलं नाही." मग तिचा आवाज उतरला. "एकच आलं. ते मोठं असतं ना, सगळ्यांच्या आधी येतं, अंधारात, ते. फुलीवरच आपटलं रे, अर्धी पुसली गेली. माझ्यानं बघवत नाही."

काचवाल्याचा हात कपाळाकडे गेला.

"उद्यापासून खिडकी उघडीच ठेवते मी," आई म्हणाली. "येऊ दे एकदाचं आत."

बायको ओल्या टॉवेलनं त्याचं कपाळ पुसत होती. चुना निघत नव्हता.