वेळेवर भरलेली घरपट्टी

"चार वर्षांची घरपट्टी थकली म्हणून माझं घर लिलावात काढताय?" सिस्टरांनी चार पावत्या टेबलावर ठेवल्या. "मग या काय आहेत? दरवर्षी बिल हातात आलं की त्याच आठवड्यात रांगेत उभी राहिलेय मी."

कर कार्यालयातल्या तपासनीस बाईंनी पावत्या ओढून घेतल्या. समोरच्या बाईंनी चौतीस वर्षं रुग्णालयात नोकरी केली होती. निवृत्तीनंतरही अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. सोबत धाकटा दीर आला होता. त्याचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं.

"आठच दिवस उरलेत, मॅडम," दीर कळवळून म्हणाला. "मी म्हणतो, घर परक्याच्या घशात जाण्यापेक्षा वहिनींनी माझ्या नावावर करावं. थकबाकी मी भरतो. वहिनी राहतील की तिथेच, मरेपर्यंत."

'मरेपर्यंत' हा शब्द तपासनीस बाईंना खटकला.

संशय अर्थातच खिडकीवरच्या कारकुनावर होता. त्याचे हात बरबटलेले आहेत, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. तपासनीस बाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा ते खरोखरच बरबटलेले होते. तेलकट बोटं चाटतच त्याने नोंदवही उघडली.

"पावत्या खऱ्या?"

"सही माझीच."

"पैसे कुठे गेले?"

"कुठे जाणार? जमा आहेत. वाचा की."

बाईंनी रुमालाने पान धरून वाचलं. तारीख, रक्कम, घर क्रमांक, सगळं पावतीशी जुळत होतं. चोर असेलही हा, पण ही चोरी त्याची नव्हती. पैसे जमा, तरी थकबाकी कायम! बाईंनी पावती पुन्हा एकदा नीट वाचली आणि बिलं वाटणाऱ्याला बोलावलं.

"सिस्टरांचं बिल कुणाच्या हातात देतोस?"

तो चाचरला. "त्यांची आणि दिराची, दोन्ही घरांची बिलं चष्म्याच्या दुकानात देतो. एकाच घरातली माणसं ती. उन्हात कोण गल्ली तुडवणार?"

"आणि थकबाकीच्या नोटिसा?"

"त्याही तिथेच. सिस्टरांची सही होऊन परत मिळायच्या. यंदा लिलावाची मात्र साहेबांनी दारावरच चिकटवायला लावली."

संध्याकाळी बाई सिस्टरांच्या घरी गेल्या. घर लखलखीत. पण सिस्टरांनी ओतलेला चहा निम्मा बशीत सांडला.

"डोळे गेले हो माझे," सिस्टर ओशाळल्या. "हे गेले आणि लगेच नजरही गेली. भावजी दरवर्षी नवा चष्मा करून देतात, एक पैसा घेत नाहीत. पण बाटलीवरचं औषधाचं नाव धड वाचता येईना. एखाद्याचा जीव जायचा. म्हणून गल्लीतल्यांना इंजेक्शनं देणंही सोडलं."

दार वाजलं तसं त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कोण आलंय ते पाहिलं. शेजारीण होती. सिस्टरांनी तिला लगेच ओळखलं.

"सिस्टर," तपासनीस बाई हळूच म्हणाल्या, "उद्या तुमच्या जुन्या रुग्णालयात जाऊ. येताना भावजींनी दिलेले सगळे चष्मे घ्या."

तिसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बसवलं. सिस्टरांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. दीर तो पाहून जरा चुळबुळला.

"सिस्टर, पावतीवरचा घर क्रमांक वाचा."

"तीन... नऊ. एकोणचाळीस." सिस्टर थबकल्या. "पण माझं घर तर एकतीस!"

"एकोणचाळीस कुणाचं?"

"मागचा भाग. भावजींचा."

"सासऱ्यांच्या घराचे दोन सारखे भाग झाले," बाई म्हणाल्या. "कर सारखाच, आणि दोन्ही बिलांवर नाव अजून सासऱ्यांचंच. फरक एका आकड्याचा. अंधुक नजरेला मराठी एक काय आणि नऊ काय! यांनी तुमचं बिल फाडलं आणि स्वतःचं तुम्हाला दिलं. चार वर्षं तुम्ही वेळेवर यांची घरपट्टी भरलीत. नोटिसांवर यांनी तुमची खोटी सही केली. थकबाकी फुगली की तुम्ही घाबरून घर नावावर करून द्याल, हा हिशेब होता."

"वाटणाऱ्याने बिलांची अदलाबदल केली असेल!" दीर ओरडला. "वहिनींना दिसत नाही, त्यात माझा काय दोष?"

"तोच तर तुमचा दोष." बाईंनी जुना चष्मा टेबलावर ठेवला. त्याला हात लावणंसुद्धा त्यांना नकोसं झालं होतं. "सिस्टरांचे डोळे ठणठणीत आहेत. वयाप्रमाणे वाचायला साधी भिंगं लागतात, एवढंच. या चष्म्यात भलत्याच नंबरची आहेत. चारही चष्मे डॉक्टरांनी तपासलेत. चूक एकदा होते. चार वर्षं, चार वेळा होत नाही."

कारकुनानेसुद्धा तोंड वाकडं केलं.

अफरातफरी तपासनीस बाईंनी पोत्याने पाहिल्या होत्या. पण चांगल्या माणसाला दरवर्षी आपल्या हाताने आंधळं करायचं आणि वर 'वहिनी, जपून चाला' म्हणायचं?

"चारही भरणे एकतीसच्या खात्यात वळवायचा अर्ज लिहून घे," त्यांनी कारकुनाला सांगितलं. "थकबाकी एकोणचाळीसवर. खोट्या सह्यांचं पोलीस बघतील."

दीर खुर्चीवरून घसरत सिस्टरांच्या पायांशी आला. "वहिनी, सांगा ना यांना. सख्खा दीर आहे मी तुमचा."

सिस्टरांनी पाय मागे घेतले. जखमा धुण्यात आणि पू पुसण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुणीही त्यांना कधी नाक मुरडताना पाहिलं नव्हतं.

"परका असतास तर नुसता राग आला असता," त्या म्हणाल्या. "तुझी मला किळस येते."