दोघांनी संपवायचा खेळ

लालबागच्या पुलाखाली मनूने हितेंद्रच्या हातात गेमची डिस्क ठेवली तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात चिवड्याची पिशवी होती. आईने सांगितलेला चिवडा आणि मनूने दिलेला गेम, दोन्ही एकाच पिशवीत टाकून तो काळाचौकीच्या दिशेने चालू लागला. मनूचं मराठीत गेमबद्दल बोलणारं चॅनेल होतं. हितेंद्र विमा कंपनीतली नोकरी सांभाळून त्याला परीक्षणं लिहून द्यायचा. स्वतः खेळायचं, माइक चालू ठेवून खेळ रेकॉर्ड करायचा, मग बरं-वाईट काय ते लिहायचं. कामात काम. यात घाबरण्यासारखं काय असणार?

गेमचं नाव ‘ड्राउन्ड मून’. हा त्याचा दुसरा भाग. समुद्रात बुडालेल्या एका चंद्रावर माणसांची वसाहत असते, तिथे अडकलेल्यांना शोधत एक बाई फिरते, अशी ती गोष्ट. पहिला भाग हितेंद्रने धाकट्या भावाबरोबर, हेरंबबरोबर, खेळला होता. त्यात दोघांनी खेळायची सोय होती. एकाने लढायचं, दुसऱ्याने दिवा धरायचा. दिवा कायम हेरंबकडे. नव्या खोलीत शिरलं की तो आधी छतावर प्रकाश टाकायचा, कारण अगदी सुरुवातीला वरून काहीतरी पडून दोघे मेले होते आणि त्याने त्याचा धसकाच घेतला होता. हितेंद्र वैतागायचा. “अरे समोर मार ना लाइट, वर काय तुझा सासरा बसलाय?”

दोन वर्षांपूर्वी रे रोडला हेरंबची बाईक घसरली, मागून ट्रेलर येत होता. पुढचं सांगायला नको.

दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना. पिंडासमोर सगळे हात जोडून उभे. मामांनी गाऱ्हाणं घातलं, आईला आम्ही सांभाळू म्हणाले, हेरंबच्या बाईकचे हप्ते फेडू म्हणाले. कावळा भिंतीवर बसून मान वाकडी करून बघत राहिला. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. हितेंद्रला काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, पायाला चटके बसत होते तेही दुसऱ्या कोणाला तरी बसावेत तसे. सगळ्यांची सुटका व्हावी म्हणून तो पुटपुटला, “सेकंड पार्ट आला की आपण दोघं मिळून संपवू रे. चल आता.”

कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

लोक म्हणाले, मोठा मुलगा धीराचा आहे. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. पण शेजारी उभ्या आईने ते वाक्य ऐकून पदराला गाठ मारून ठेवलं. एरवी तिला टीव्हीचा रिमोट हाताळता यायचा नाही, पण गेमचा दुसरा भाग कधी येणार याची चौकशी ती दर महिन्याला करायची. दुपारची तिची झोपही त्या दिवसापासून गेली. म्हणायची, “माझो धाकलो झील अडकान रवलोहा. तू शब्द दिलंस, तो पाळ.”

हितेंद्रने रजा टाकली. सकाळी मच्छी, भाकऱ्या, नळाचं पाणी यात चाळ गजबजलेली असते. दुपारी जेवणं झाली की गॅलरीत चिटपाखरू नसतं. मालवणकडे जुनी माणसं भर दुपारी पोरांना आंब्याखाली जाऊ देत नाहीत, रात्रीपेक्षा ही वेळ वाईट म्हणतात. या वेळी त्याने पडदा ओढला, माइक लावला आणि खेळायला बसला. आई मागे खाटेवर तांदूळ निवडत बसली.

पहिल्या दहा मिनिटांतच त्याने वहीत लिहिलं, ‘दोघांनी खेळायची सोय काढून टाकली आहे. हे या भागाचं सर्वांत मोठं पाप.’

म्हणजे दिलेला शब्द पाळता येणारच नव्हता. त्याने तसं आईला सांगितलं. ती म्हणाली, “तू खेळ. तो बघतलो काय करूचा तां.”

दुसऱ्या खेळाडूच्या जागी गेम कंपनीने एक रोबो दिला होता. गुडघ्याएवढा, कपाळावर दिवा, आपोआप मागे येणारा. चित्रं सुंदर होती. पाण्याचा आवाज तर असा, की खोलीत गारवा यावा. लढाया मात्र त्याच त्या. हितेंद्र खेळत होता, मारत होता, मरत होता, यंत्रासारखा. मग एक मोठं दालन आलं. बाई आत शिरली. रोबो उंबऱ्यात थांबला आणि त्याने दिवा आधी छताकडे फिरवला.

मागे तांदळाचा आवाज थांबला.

“हितू... तो वर बघता.”

“प्रोग्रॅम असतो गं तो.”

पुढच्या खोलीतही रोबोने तेच केलं. त्याच्या पुढच्याही. आणि खोलीत एक वास यायला लागला. हेल्मेटच्या आतल्या अस्तराला येतो तसा, घामट, ओलसर. हेरंबचं हेल्मेट तर पोलिसांनी परत दिलंच नव्हतं.  हितेंद्रने परीक्षणासाठी टिपून घेतलं, ‘साथीदार प्रत्येक खोलीत आधी छतावर प्रकाश टाकतो. कंटाळा येतो.’ लिहून झालं की तो पुन्हा खेळू लागला.

असे काही दिवस गेले. दुपार झाली की पडदा, वास, दिवा. एका दुपारी शेवटचा प्रसंग आला. निसटायला एकच छोटं यान, त्यात जागा एकाची. रोबो बाहेर राहतो, बाईने आतून दार लावायचं. बटण दाबून धरायचं, दार हळूहळू सरकतं. बोट उचललं की पुन्हा उघडतं.

हितेंद्रने बटण दाबलं. दार अर्ध्यावर आलं. रोबोने दिवा पडद्यातून थेट हितेंद्रच्या तोंडावर धरला. हितेंद्रने बोट उचललं.

पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी स्पष्ट कळलं. दार लागलं की हेरंब खरंच जाणार, आणि त्याला ते नको होतं.

“लाव दार,” आई मागून म्हणाली. आवाज अगदी खालचा. “जाव दे तेका, बाबू... किती दिवस रवतलो असो?”

त्याने बटण दाबून धरलं. दार लागलं. काचेपलीकडचा दिवा लहान होत होत पाण्यात विझला, आणि पडद्यावर नावं वर सरकू लागली.

“सुटलो मां रे तो?”

“हो आई. सुटला.”

वास गेला होता. आई खाटेवर आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. हितेंद्रने त्याच बैठकीत परीक्षण लिहून काढलं. कथा बरी, लढाया शिळ्या, शेवट परिणामकारक. अखेरची ओळ, ‘गोष्ट पूर्ण झाली आहे. तिसऱ्या भागाची गरज नाही.’ लेख आणि रेकॉर्डिंग त्याने मनूला पाठवून दिलं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मनूचा फोन आला.

“भाई, लेख मस्त. ते छतावरच्या लाइटचं वाक्य तेवढं उडवतो हां. माझा रोबो तर सरळ समोरच बघत होता पूर्ण गेम. आणि... एक बोलू? वाईट वाटून घेऊ नको.”

“बोल ना.”

“एंडला तू जाम रडलास रे. ते ठेवू की कापू? तुझं घरातलं आहे म्हणून विचारतो.”

हितेंद्रने नकळत गालावरून हात फिरवला. गाल कोरडा होता. कालही कोरडाच होता.

“ऐकून सांगतो,” तो म्हणाला.

आई झोपली होती. त्याने हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंग शेवटाकडे नेलं. बटणाचा आवाज. आईचा आवाज, जाव दे तेका. दार लागल्याचा आवाज. आणि लगेच, माइकला अगदी तोंड लावून, रडणं. पुरुषाचं, पण लहान मुलासारखं, श्वास कोंडून धरत, मग उचकी देत देत. शाळेत पहिल्यांदा सोडून आले तेव्हा हेरंब असाच रडला होता, फाटकाला धरून. हितेंद्रला ते फाटकाबाहेर उभं राहून ऐकावं लागलं होतं.

आईला वाटत होतं, तो सुटला. तो तर टाकून दिल्यासारखा रडत होता.

रेकॉर्डिंग संपलं. पडद्यावरची रेघ शेवटाला जाऊन थांबली. रडणं थांबलं नाही.

हितेंद्र तसाच बसून राहिला. भीती वाटायला हवी होती, पण भीतीही कुठेतरी लांब उभी होती. आईकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. ही झोप तिला दोन वर्षांनी मिळाली होती. ती मोडायची का? कानात उचक्या वाढत चालल्या होत्या.

त्याने मनूला पाठवलेला लेख उघडला. शेवटची ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं, ‘तिसरा भाग लवकर यावा. आम्ही दोघे वाट पाहत आहोत.’

रडणं थांबलं.

हेडफोनमध्ये एवढी शांतता झाली की त्याला गॅलरीतल्या नळाचं थेंबथेंब पाणी ऐकू आलं. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

खाटेवर आई झोपेतच भिंतीकडे सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि डोळे न उघडता चादरीची कड वर उचलून धरली.